कमरेचा कसा आणि चौकटचा गुलाम

मित्रांनो, मी एक जुना कसा आहे, आणि मी रागीट आहे. हे आधीच सांगून टाकतो. आपली कहाणी सांगायला बसलेले जुने जिन्नस बहुधा डोळ्यांत पाणी आणून बोलतात, माझ्याकडून तशी अपेक्षा धरू नका. माझ्या धन्यावर एका माणसाने डाव साधला होता. त्याचं उट्टं निघेपर्यंत मी खुंटीवर लटकून दात-ओठ खात होतो. मला दात नाहीत आणि ओठही नाहीत, ठाऊक आहे मला. तरी खात होतो.

तुमच्यातल्या काहींनी कसा पाहिलाच नसेल. हातभर लांबीची, चिंचोळी, दोन्ही टोकांना नाड्या असलेली पिशवी म्हणजे कसा. पैसे भरून तो सदऱ्याच्या आत कमरेला बांधतात. पाकीट खिशातून जातं, ट्रंक डब्यातून जाते. पण मला न्यायचं तर माणसाच्या अंगावरून सोडवून न्यावं लागतं, आणि तेव्हा माणूस झोपलेला असला तरी जागा होतो. म्हणून परमुलखात जाणारी माणसं माझ्यावर भरवसा ठेवतात.

माझा जन्म साताऱ्याचा. सदर बाजारात वजीरभाई नावाचे शिंपी होते, त्यांच्या मशीनवर मी शिवला गेलो. माझं कापड मात्र त्याआधीपासून जग पाहिलेलं. सुभेदार तात्याबा फौजेतून पेन्शनीवर घरी आले तेव्हा त्यांची किटबॅग तळाला फाटली होती. तेवढ्यात त्यांच्या लेकीचं, लीलाबाईचं, लग्न ठरलं. जावई आटपाडीकडचा, नाथाजी नावाचा. सुभेदार फाटकी किटबॅग घेऊन वजीरभाईंकडे गेले आणि म्हणाले, "वजीर, जावई लांब मुलखात जाणारा हाय. त्येच्या कमरेला माझं कापड असू दे."

वजीरभाईंनी मला दुहेरी शिवण घातली. दोन कप्पे केले, आणि आतल्या अंगाला एक चोरकप्पा. दोरा दाताने तोडून ते म्हणाले, "सुभेदारसाब, ही शिवण उसवली तर मशीन विकून टाकीन बघा." ते मशीन अजून त्यांच्याच दुकानात आहे.

तर असा मी लग्नाच्या आहेरात नाथाजीच्या घरी आलो. आटपाडीकडची जमीन कोरडी. तिथली कितीतरी माणसं गलाईचं काम करायला देशोदेशी जातात. गलाई म्हणजे सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायचं काम. नाथाजीही त्यातलाच. तो नेपाळात वीरगंजला आकाराम नावाच्या गाववाल्याच्या भट्टीवर हाताखाली होता. आम्ही मिरजेहून रेल्वेने निघायचो, गाड्या बदलत बदलत रक्सौलला उतरायचो. रक्सौल हे आपल्या हद्दीतलं शेवटचं गाव. तिथून टांग्यात बसायचं, पूल ओलांडायचा, की आलं वीरगंज. एवढ्याशा अंतरात मुलूख बदलतो आणि नाणंही बदलतं.

तिथं माझं खरं काम सुरू व्हायचं. माझ्या एका कप्प्यात आपले पैसे, दुसऱ्यात नेपाळी. पुलाच्या पलीकडचा चहावाला आपली नोट आनंदाने घ्यायचा, पण मोड द्यायचा नेपाळी नाण्यांत. ती नाणी घेऊन अलीकडे आलं की अलीकडचा टांगेवाला तोंड वाकडं करायचा. नवखा माणूस प्रत्येक वेळी थोडाथोडा बुडायचा आणि त्याला कळायचंही नाही. नाथाजी तसा नव्हता. टांग्याची मोड तो वरच्या खिशात ठेवायचा, चहापाण्याची धोतराच्या सोग्यात, आणि मला चारचौघांत कधी उघडायचा नाही. नाक्यावरचा शिपाई विचारायचा, "क्या है कमर में?" नाथाजी म्हणायचा, "पट्टा है साब, कमर दुखती है." मला हसू यायचं. ते दिवस चांगले होते.

आकाराम म्हातारा झाला. एक दिवस त्याने नाथाजीला जवळ बसवलं. "नाथा, माझं डोळं गेलं. भट्टीची आच सोसंना. ही भट्टी तू घे. दुसऱ्या कुणाला द्यायचं माझ्या मनात न्हाई. पर लवकर ये, मला गावाकडं जाऊन निवांत मरायचंय."

नाथाजी धावत गावी आला. घरात होतं नव्हतं ते गोळा केलं, तरी पुरेना. तेव्हा लीलाबाईने गळ्यातली पुतळ्यांची माळ काढली. सोन्याच्या पुतळ्या होत्या त्या, तिच्या आईच्या गळ्यातून आलेल्या.

"आगं, ऱ्हाऊ दे," नाथाजी म्हणाला.

"आवं, भट्टी आपली झाली की तुमीच गाळून नव्या करा की," ती म्हणाली. "तवर माझा गळा काय कुठं जात न्हाई."

त्या माळेचे पैसे माझ्या पोटात आले. इतका जड मी कधी झालो नव्हतो. मिरजेपासून रक्सौलपर्यंत नाथाजी पाठ टेकून झोपला नाही. मीही नाही झोपलो.

आणि रक्सौलच्या ठेसनावर भाऊसो भेटला.

मित्रांनो, ह्या माणसाचं नाव घेतलं तरी माझ्या नाड्या पिळवटतात. हा भाऊसो आमच्या शेजारच्याच गावचा. तोही गलाईवाला, रक्सौलला खोली घेऊन राहायचा. त्याने नाथाजीला फलाटावरच मिठी मारली. "आरं नाथा गड्या! कवा आलास? चल, भाकरी खाऊन जा. लेका, तिकडनं पार वाळून आलायस."

इतक्या दिवसांच्या प्रवासानंतर ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. नाथाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काही ती भाकरी रुचली नव्हती. पण मला बोलता येत नाही, तेव्हा काय करणार?

जेवता जेवता भाऊसो म्हणाला, "आठवडाभर नाक्यावर लय कडक हाय. काल एका मारवाड्याला कमरेपातुर उघडा केला आणि सगळं काढून घेतलं. तुझ्याजवळ काय हाय का तसलं?"

नाथाजीने माझ्यावर हात ठेवला. तेवढ्यावरून भाऊसोने ओळखलं.

"मग असं कर. पैसं हितं माझ्याजवळ ठेव. तिकडं कापडाच्या बोळात माझा भाऊ बसतुय. त्यो तुला नेपाळी पैसं मोजून दील, एक बी कमी न्हाई. हिकडची मोठी मोठी माणसं असंच करत्यात." असं म्हणून त्याने उशाखालची पत्त्यांची कॅट काढली. त्यातला चौकटचा गुलाम घेतला आणि मधोमध फाडला. गुलाम दोन्हीकडून सारखाच असतो, एक डोकं वर, एक खाली. एक अर्धा त्याने नाथाजीला दिला. "ह्यो भावाला दावायचा. दुसरा अर्धा आज माणसाबरबर त्येच्याकडं जातुय. दोन्ही जुळलं की पैसं हातात."

आता तुम्ही म्हणाल, चिठ्ठी का नाही लिहून घेतली? मित्रांनो, तिथंच तर आमची माणसं फसतात. परमुलखात आपल्या बोलीचा माणूस भेटला, की गलाईवाला त्याच्याकडे लिखापढी मागत नाही. मागणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. भट्टीच्या राखेवर हात ठेवून आण घेतली की झालं. भाऊसोने आपल्या भट्टीच्या राखेवर हात ठेवला. "भट्टीची आण," म्हणाला. नाथाजीने मला सोडलं आणि माझं पोट त्याच्यापुढे रिकामं केलं. लीलाबाईच्या आईच्या गळ्यातून आलेल्या त्या पुतळ्यांच्या बदल्यात माझ्या चोरकप्प्यात फाटक्या पुठ्ठ्याचा एक तुकडा आला. मिशी पिळलेला, तोंड वेंगाडलेला गुलाम. मला तेव्हाच तो आवडला नाही.

नाक्यावर आम्हाला कुणी हात लावला नाही. कडक वगैरे काही नव्हतं. शिपाई बिडी ओढत बसला होता, त्याने वर मानसुद्धा केली नाही. नाथाजी टांग्यातून उतरला आणि कापडाच्या बोळाकडे धावतच सुटला.

कापडाच्या बोळात भाऊसोचा भाऊ नव्हता. तसं नाव तिथं कुणी ऐकलं नव्हतं. नाथाजी दुकानामागून दुकान फिरला, अर्धा गुलाम दाखवत. एका दुकानदाराने त्याला पाणी दिलं आणि म्हणाला, "भैया, घर जाओ." नाथाजी पूल ओलांडून परत रक्सौलला पळत आला. भाऊसोच्या खोलीला कुलूप. इकडच्या पोलिसाने सांगितलं, पैसे तिकडे मिळायचे होते ना, मग तिकडे जा. तिकडच्याने सांगितलं, पैसे दिलेस कुठे? इकडे ना? मग इकडे कशाला आलास? त्या पुलावर नाथाजी किती वेळा गेला आणि आला, ह्याला सुमार नाही. शेवटी पुलाच्या मधोमध कठड्याला टेकून खाली बसला. तिथून त्याला दोन्ही मुलूख दिसत होते, आणि दोन्हीकडे त्याचं कुणी नव्हतं.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. तो आकारामच्या भट्टीवर गेला, तर गादीवर भाऊसो बसलेला! भट्टी त्याने विकत घेतली होती. आमच्याच पैशांनी. आकारामला सांगितलं होतं, नाथाजी काही येत नाही, त्याने सगळं उडवलं. म्हातारा गाडीत बसून गावाकडे निघूनही गेला होता.

"भाऊसो, माझं पैसं," नाथाजी म्हणाला. 

"कसलं पैसं?" भाऊसो म्हणाला. "कागद हाय का?"

नाथाजीने अर्धा गुलाम पुढे धरला.

भाऊसो हसला. भट्टीवरची माणसंही हसली. "पत्ता? पत्तं कुटायला आलायस व्हय? आरं, कागद आण. लिहिल्यालं, सही केल्यालं. कागद असंल तर बोल, न्हाईतर ऊठ."

माझ्या तळापासून नाडीपर्यंत आग आग झाली. मी फौजेचं कापड आहे. माझ्या कापडाने गोळीचा आवाज ऐकलेला आहे. त्या क्षणी मी ठरवलं, की हे हसू मी ह्याच्या घशात घालीन. कसं, ते मला ठाऊक नव्हतं. पण तो गुलाम मी माझ्या चोरकप्प्यात घट्ट धरून ठेवला.

गावी पोचलो तर आमच्याआधी बोलवा पोचलेली. भाऊसोने गावाकडे निघालेल्या माणसांच्या तोंडी आधीच सांगून धाडलं होतं, नाथाजी रक्सौलला पत्त्यांच्या अड्ड्यावर बसला, बायकोच्या पुतळ्या हरला, मी लय समजावलं पण ऐकला नाही. आणि नाथाजीने चावडीवर खरी हकीकत सांगायला माझ्या चोरकप्प्यातून काय काढलं? पत्त्याचाच तुकडा! लोकांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. झालं, शिक्कामोर्तब. जो तो म्हणायला लागला, "पत्तेवाला नाथा."

खरं सांगू का, पैसे गेले त्याचं मला जेवढं वाटलं, त्याहून जास्त ह्या नावाचं वाटलं. पैसा माझ्या पोटात येतो आणि जातो, मला त्याची सवय आहे. पण एका सरळ माणसाच्या कपाळावर हे नाव गोंदलं गेलं, ते कुणी पुसणार?

सुभेदार तात्याबा साताऱ्याहून आले. नाथाजीने त्यांना सगळं सांगितलं. सुभेदारांनी ऐकून घेतलं, आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्ये कापड माझ्या पाठीवर होतं. त्यात कवा पत्तं न्हवतं. जावईबापू, आजपासनं ह्ये कमरेला बांधू नगासा." बस, एवढंच बोलले. उन्हातच एस.टी.ला उभे राहिले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

एकट्या लीलाबाईने नवऱ्यावर विश्वास ठेवला. "माझ्या आबांना कळंल एक दिवस," ती म्हणायची.  नाथाजीने बोलणंच सोडलं. दुसऱ्याच्या रानात कामाला जायचा, मान खाली घालून यायचा. कुठं चारजण बसलेले दिसले की लांबून वळसा घालायचा.

आणि मी? मला खुंटीला अडकवलं. पुढे कुणीतरी माझ्या पोटात मिरचीचं बी भरून ठेवलं. दोन मुलखांचं नाणं सांभाळणारा मी, आणि मिरचीचं बी! उंदराने माझी एक नाडी कुरतडली. ते मी सोसलं. तिकडे भाऊसोची भट्टी धडाडत होती. तो गावच्या देवळाला घंटा देत होता, पोरांना नेपाळात कामाला नेत होता. त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती नव्हती. माझ्या चोरकप्प्यातला गुलाम मात्र तसाच होता. मिरचीच्या खाटाने त्याला कसरही लागली नाही.

वर्षं गेली. मग अठ्ठ्याहत्तर सालची संक्रांत आली. भाऊसो गावात माडीचं घर बांधायला काढणार होता, म्हणून नेपाळातून आला होता. मोठा पैसा त्याने आपल्याकडच्या मोठ्या नोटांत आणला होता, हजाराहजाराच्या, म्हणजे सीमेवरून आणताना जागा कमी लागते. संक्रांतीचा तिळगूळ संपला नाही तोच रेडिओवर बातमी आली. हजाराच्या आणि त्यावरच्या नोटा सरकारने रद्द केल्या! बँकेत भरायला अगदी थोडे दिवस दिले, आणि भरताना लिहून द्यायचं, की ही नोट तुमच्याकडे कुठून आली.

आमच्या गावाला काय त्याचं? हजाराची नोट कुणी बघितली होती? पण भाऊसोच्या तोंडचं पाणी पळालं. कुठून आली हे तो कुणाला सांगणार? घरोघर फिरून तो लोकांना विनवायला लागला, तुमच्या नावावर भरा, तुम्हाला वाटा देतो. लोक घाबरले. आटपाडीच्या बँकेतले त्याला चांगलं ओळखत होते, तिथं जायची सोय नव्हती.

मुदतीचा शेवटचा दिवस उद्यावर आला, तेव्हा तो आमच्या दारात आला. हो, आमच्या! निर्लज्जपणाला काही हद्द?

"वैनी," तो उंबऱ्यात बसून म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. तुमचं वडील सुभेदार. पेन्शनीचं खातं, सरकारात इज्जत. त्येंच्या नावावर ह्या नोटा भरल्या तर कोण इच्यारणार न्हाई. अर्ध्या तुमच्या. पुतळ्यांची माळ करा, दोन करा."

नाथाजी कोपऱ्यात बसला होता. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

 लीलाबाई चुलीपुढून उठली आणि तिने मला खुंटीवरून काढलं. मिरचीचं बी सुपात ओतलं, मला दोनदा झटकलं, कुरतडलेली नाडी ओढून पाहिली. चोरकप्प्यात बोट घालून चाचपलं. तिच्या बोटाला गुलाम लागला. तिचं बोट तिथं थांबलं. मित्रांनो, त्या बोटावरून मला कळलं, की ही बाई मनात काहीतरी धरून उठली आहे. माझ्या सगळ्या टाक्यांत जीव आला.

"ह्यात घाला," ती भाऊसोला म्हणाली. "उद्या पहिल्या एस.टी.नं साताऱ्याला जाऊ. माझं मालक बी येत्याल."

"मी बी येतुय," भाऊसो घाईने म्हणाला. नोटांपासून लांब राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्यानेच पुढे सुचवलं, "आणि वैनी, कसा तुमच्याच कमरेला बांधा, लुगड्याच्या आत. गर्दीत बाईमाणसाच्या कमरेला कोण हात लावंल?"

ही शहाणपणाची गोष्ट त्याने स्वतः सुचवली बरं का. लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत एस.टी. साताऱ्याला आली. माझ्या पोटात त्या करकरीत नोटा. प्रत्येक खड्ड्याला भाऊसो मागे वळून लीलाबाईच्या कमरेकडे बघायचा, आणि बाईने त्याच्याकडे बघितलं की मान फिरवायचा. त्याला घाम फुटला होता, थंडीचे दिवस असून. मला फार बरं वाटत होतं.

सुभेदारांच्या ओट्यावर सकाळचे पेन्शनर बसलेले होते, नेहमीसारखे. वजीरभाईही मशीन बंद करून पान खायला आलेले. लेक-जावयाला बघून सुभेदार उठले, पण जावयाशी बोलले नाहीत. भाऊसोने पुढे होऊन रामराम घातला आणि सगळी हकीकत सांगितली, म्हणजे त्याला हवी तेवढी.

"नोटा कुणाच्या?" सुभेदारांनी विचारलं.

"आता... लीलावैनीच्याच समजा की," भाऊसो म्हणाला. "तुमच्या खात्यावर भरायच्या. बँक दुपारी बंद हुईल. जरा घाई करूया, सुभेदारसाहेब."

"माझ्या हायेत म्हणता?" लीलाबाई म्हणाली. "मग मला माझा व्यवहार करू द्या."

तिने पदराआड हात घातला, माझ्या चोरकप्प्यातून तो अर्धा पत्ता काढला आणि भाऊसोच्या हातावर ठेवला.

"तुमचं पैसं मला पोचलं, भाऊसो. ह्यो घ्या अर्धा गुलाम. वीरगंजाला कापडाच्या बोळात माझा भाऊ बसतुय. त्येला दावा. पैसं मोजून दील, एक बी कमी न्हाई."

ओट्यावर सगळे बघत राहिले. लीलाबाईला भाऊ नव्हता, हे त्या ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

भाऊसो आधी हसला. "वैनी, थट्टा बास झाली. येळ जातुय."

"थट्टा न्हाई. भट्टीची आण."

मग त्याचा तोल गेला. तो उभा राहून ओरडला, "आसल्या फाटक्या पत्त्यावर कोण पैसं दील? मला येडा समजतीस? ह्यो पत्ता मीच फाडून नाथाला दिला हुता, आणि त्या बोळात माझा भाऊ बी न्हवता, तर तुझा कुठनं—"

आणि गप्प झाला.

 वजीरभाईंचं पान तोंडातच राहिलं. सुभेदारांनी हळूच काठी बाजूला ठेवली.

"म्हणजे पत्तं खेळला न्हवता," ते म्हणाले. "पैसं तुझ्याजवळ दिलं हुतं."

भाऊसो ओट्याच्या पायरीकडे सरकला.

"बस," सुभेदार म्हणाले. "पाहुण्यानं आमच्या दारातनं चहा न घेता जायचं न्हाई. लीला, चहा टाक. दूध चांगलं आटू दे."

"सुभेदारसाहेब, बँक!" भाऊसो कळवळला. "आधी नोटा द्या माझ्या!"

"मागून घे की. तिच्या कमरेला हायेत."

तो काय करणार? भर ओट्यावर, फौजेतल्या म्हाताऱ्यांच्या समोर, परक्या बाईच्या कमरेला हात घालणार? लीलाबाई ओट्यावरून दिसणाऱ्या चुलीपुढे निवांत बसली होती, मंद जाळावर दूध आटवत. मी तिच्या कमरेला होतो, भरल्या पोटाने, गाठ घट्ट आवळून. इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं. दूध उतू जाऊ नये म्हणून ती जाळ आणखी कमी करत होती.

भाऊसो तिच्या पुढ्यात गेला, हात जोडले. पेन्शनरांपुढे जोडले. शेवटी नाथाजीच्या पायाशी येऊन बसला. "नाथा, गड्या, सांग की हिला. माझ्या नोटा हायेत. तुला तर ठावं हाय. तू बोल. तू बोललास तर ऐकंल ती."

कित्येक वर्षं नाथाजी चारचौघांत बोलला नव्हता. त्याने मान वर केली. भाऊसोच्या डोळ्यांत बघितलं.

"कागद हाय का?" नाथाजी म्हणाला.

मी धन्य झालो. तिथं, त्याच क्षणी, माझी सगळी वर्षं वसूल झाली.

चहा आला. सुभेदारांनी बशीत ओतून, फुंकून फुंकून घेतला. भाऊसोच्या कपावर साय धरली, त्याने तोंड लावलं नाही. बँकेकडून आलेल्या एका पेन्शनराने सांगितलं, की तिथली खिडकी लागली. मग लीलाबाई आत गेली, मला कमरेवरून सोडवून हातात घेऊन बाहेर आली, आणि सगळ्यांच्या देखत नोटा भाऊसोच्या पुढ्यात ठेवल्या.

"मोजून घ्या," ती म्हणाली. "आमाला परक्याचं काय नगं."

एकही कमी नव्हती. भाऊसोने त्या खिशात कोंबल्या आणि रस्त्याने निघाला. पाठीमागून कुणी हसलं नाही. त्याची मला थोडी रुखरुख लागली, मी तर हसवलं असतं सगळ्यांना. पण सुभेदारांच्या ओट्यावर पाठीमागे हसायची पद्धत नाही.

हातातला अर्धा गुलाम तो तिथंच फेकून गेला होता. नाथाजीने तो उचलला आणि माझ्या चोरकप्प्यात परत ठेवला. मग सुभेदार उठले. म्हातारे गुडघे टेकून खाली बसले, जावयाच्या पुढ्यात. मला हातात घेतलं, माझी कुरतडलेली नाडी जपून धरली, आणि आपल्या हाताने मला नाथाजीच्या कमरेला बांधलं.  "सैल हाय का?" त्यांनी विचारलं. नाथाजी रडत होता, त्यामुळे त्याने फक्त मान हलवली.

पैसे परत आले नाहीत, मित्रांनो. लीलाबाईचा गळा अजून रिकामाच आहे, आणि मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, ते बघितलं की मला आजही तिडीक येते. भाऊसोची भट्टी विकली गेली, माडीचं घर जोत्यावरच राहिलं. तेवढ्याने माझं समाधान झालं का? नाही झालं. पण आता नाथाजी चावडीवर बसतो. लोक त्याला नुसतं नाथाजी म्हणतात, आणि परमुलखात निघालेली पोरं आधी त्याच्याकडे येऊन विचारतात, पैसा कसा न्यायचा. तो त्यांना मला दाखवतो. मग चोरकप्प्यातला गुलाम दाखवतो आणि सांगतो, "आपल्या बोलीचा माणूस भेटला की मिठी मारा, भाकरी खावा, आणि मग बी लिहून घ्या. ज्याला राग येईल त्येच्याजवळ पैसं ठेवू नगा."

आता माझी एक विनंती. माझं कापड विरत चाललं आहे. घरात जुना कसा असेल तर त्यात मिरचीचं बी भरू नका, उंदराच्या तावडीत देऊ नका, वर्षातून एकदा उन्हात घाला. मलाही असंच जपा. मला अजून मरायचं नाही. चौकटच्या त्या गुलामाचा दुसरा अर्धा अजून भाऊसोकडेच असणार. एखाद्या दिवशी पुतळ्यांचे पैसे फेडायला तो अर्धा घेऊन भाऊसो ह्या दारात आला, तर जुळवून बघायला पहिला अर्धा इथं हवा, आणि तो माझ्याजवळच आहे.